कंपनीचं ऊन पाणी

आमच्या गावात कंपनीच्या पाण्याचा शोध मी लावला. पाणी सोडलं कंपनीनं, पण त्यात पहिलं धुणं बुडवलं ते मी. त्याचा मला इतका अभिमान होता की आठवडाभर मान ताठ करून चालत होते. डोक्यावर धुण्याची पाटी असली की मान तशीही ताठच ठेवावी लागते, ते सोडा.

पानशेतचं धरण फुटलं त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. माहेर पुनावळ्याचं, सासर पवनेच्याच काठानं खाली, चिंचवडच्या अंगाला. मी सातवी पास होते. सासरच्या गावात तेव्हा सातवी झालेली दुसरी सून नव्हती, त्यामुळं जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत. सासूला मी तोंडावर आत्याबाई म्हणायचे आणि मनात अडाणी म्हणायचे. घरात धाकटी नणंद होती, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. बारा वर्षांच्या त्या शेंबड्या पोरीला ‘अहो वन्सं’ म्हणताना मला हसू यायचं, आणि ते तिला बरोबर कळायचं. तिनं माझं नाव ‘मास्तरीण’ ठेवून टाकलं होतं.

त्या वर्षांत आमच्याकडं जमिनी जात होत्या आणि कंपन्या येत होत्या. आमचं नदीवरचं शेत गेलं आणि बदल्यात मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, केमिकलच्या कंपनीत नोकरी लागली. कंपनी नदीच्या वरच्या अंगाला होती. तिथं काय करतात असं विचारलं की मालक म्हणायचे, “कातडी कमवायचा आन रंगात घालायचा मसाला.” त्यांच्या बनियनला पिवळे डाग पडायचे. ते डाग काही केल्या निघायचे नाहीत. बायको सातवी पास असूनही.

कंपनीच्या भिंतीखालून सिमेंटचा एक मोठा पाइप निघायचा. त्यातलं पाणी ओढ्यात पडायचं आणि ओढा नदीला मिळायचा. पाणी पिवळंधमक. “नदीला हळद लागली” ही त्यावरची कोटी माझीच. पाणवठ्यावर बायका खूप हसल्या होत्या, आणि मी घरी येऊन ती मालकांना पुन्हा ऐकवली होती.

पौषातली पवना ज्यानं पहाटे कमरेपर्यंत पाहिली नाही त्याला माझा शोध कळायचा नाही. धुणं पिळताना बोटं आखडून जायची, नखं निळी पडायची. आणि तिकडं ओढ्यावर मात्र वाफा. एका सकाळी मी जाऊन हात घातला. ऊन पाणी! चुलीवर तापवल्यासारखं. आणि बुळबुळीत, सोडा घातल्यासारखं. मामंजींचं धोतर बुडवून दोनदा आपटलं तर मळ आपण होऊन सुटला. साबण नाही, तापवायला सरपण नाही. थोडी पिवळट झाक यायची, म्हणून ओढ्याच्या तोंडाच्या वर, नदीच्या चांगल्या पाण्यात खळबळून काढायचं. ही रीतसुद्धा मीच बसवली. आधी ओढा, मग नदी. चार दिवसांत अर्ध्या गावाच्या बायका माझ्यामागं. मी पुढं, माझ्यामागं वन्सं, तिच्यामागं बाकीच्या. एखाद्या पुढाऱ्यासारखी चालायचे मी.

एकट्या आत्याबाई तिथं धुवायला बसल्या नाहीत. त्यांनी ओंजळ भरली, नाकाशी नेली आणि टाकून दिली.

“मास्तरीणबाई,” त्या म्हणाल्या. लेकीनं ठेवलेलं नाव आता त्याही वापरत होत्या. “हितं बेडूकसुदिक न्हाई. दिसतंय का?”

“बेडकाला कुठं धुणं धुवायचंय, आत्याबाई?”

बायका हसल्या. वन्सं तर पाण्यात बसलीच हसून.  आत्याबाई आपली गाठोडी घेऊन वरच्या अंगाला, गार पाण्यात गेल्या. पुढं चार-पाच हिवाळे त्या एकट्याच तिथं धूत राहिल्या, आणि आम्ही खाली वाफेत बसून त्यांची कीव करत राहिलो.

मासे आधी गेले. एका उन्हाळ्यात मरळ आणि वांब पांढरी पोटं वर करून काठाला लागली. आम्ही ती पाटी भरून आणली आणि कालवण करून खाल्लं. हेही लिहिते, कारण आज मला कुणी शहाणी म्हटलं तर त्याला हे वाचायला देता येईल.

मग हात. आधी खाज सुटायची. नंतर बोटांच्या पेरांवर, नखाच्या कडेला बारीक पुळी यायची, ती फुटायची आणि तिथं भोक पडायचं. गोल, खोल, कडा टणक, जसं काही सुतारानं सामत्यानं पाडलंय. गंमत अशी की दुखायचं नाही. वन्संच्या उजव्या हाताला तीन होती आणि डाव्या हाताला एक. तिचं सगळं धुणं उजव्या हातानं. माझ्या करंगळीखाली एक होतं आणि पायाच्या घोट्याजवळ एक. घोट्यावरचं लुगड्यानं झाकलं जायचं, करंगळीखालचं मी मूठ मिटून झाकायचे. हळद लावली, तूप लावलं, करंजाचं तेल लावलं. भरायचं, पुन्हा पडायचं.

मी मालकांना हात दाखवला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला आणि मग आपलं नाक वर केलं. आत मधल्या पडद्याला आरपार भोक होतं. कंपनीत भट्टीवर असणाऱ्या सगळ्यांना होतं म्हणे. एकजण तर त्यातून काडी घालून दाखवायचा आणि बाकीचे हसायचे.

“आता नथ घाला,” मी म्हणाले. तेव्हा मला हे फार खुमासदार वाटलं.

मालक हसले नाहीत. म्हणाले, “कुटं बोलू नगंस. म्हैन्याभरात पर्मनंट करनार हायेत. पान्याचं नाव काढलं तर यादीतून नाव जाईल.”

मी बोलले नाही. धुणं तेवढं पुन्हा वरच्या पाण्यात न्यायला लागले. बायकांना कारण सांगितलं नाही. त्यांना वाटलं मास्तरणीला आता आत्याबाईंची दया आली. त्या खालीच धूत राहिल्या, आणि मी वरून त्यांना बघत राहिले.

वन्सं अठराची झाली तेव्हा तिला स्थळ आलं. चाकणच्या बाजूचं, इंद्रायणीपलीकडचं. कांदा-बटाट्याची शेती, घर भरलेलं, मुलगा निर्व्यसनी. बघायला येणार म्हणताना आत्याबाईंनी लेकीचे हात हातात घेतले आणि बघत बसल्या.

“ह्ये बगितलं की उठून जात्याल,” त्या म्हणाल्या.

आणि इथं माझ्या सातवी पास डोक्यानं दुसरा शोध लावला. त्या काळी आमच्या बायका कपाळाला आधी मेण लावायच्या आणि त्यावर कुंकू कोरायच्या. करंड्याच्या शेजारी मेणाची डबी प्रत्येकीकडं असायची. मी मेण चिमटीत मऊ केलं, गोळ्या केल्या, एकेक भोक भरलं, बोट फिरवून सारखं केलं आणि वरून मेंदी काढली. पेरांवर फुलं, नखांभोवती कड्या. हात असे देखणे झाले की वन्संला स्वतःलाच पटेना.

“मास्तरीण, चोर हाईस तू,” ती म्हणाली.

“गप बसा. आधी हे हलवू नका, वाळू द्या.”

पाहुण्यांनी मुलगी पसंत केली. मुलाच्या आत्यानं तिच्याकडून सुईत दोरा ओवून घेतला, चालून दाखवायला सांगितलं, पुस्तकातलं पान वाचायला लावलं. हात हातात घेऊन मेंदीचं कौतुक केलं. “कुनी काढली?” “वैनीनं.” मी दाराआडून फुगले. त्या दिवशी माझ्यासारखी हुशार बाई पवनेच्या दोन्ही काठांना नव्हती.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी पुन्हा मेण भरलं, पुन्हा मेंदी काढली. मांडवातही हात कुणी पाहिले नाहीत. हिरवा चुडा, मेंदी, हळद. नवरीच्या हातात बघण्यासारखं इतकं असतं की हात बघायला कुणाला वेळ नसतो. तिची पाठराखीण म्हणून मीच गेले. नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिच्या सोबतीला माहेरची एक बाई जाते, दोन दिवस राहते. आत्याबाईंनी सांगितलं होतं, “तुजा हात तिच्या हाताजवळ असू दे.” त्यांना मेणाची काळजी होती. मला नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठी शोधायचा खेळ होता. परातीत कोमट पाणी, त्यात हळद-कुंकू आणि तांदूळ. नवऱ्याच्या आत्यानं अंगठी टाकली. नवरा-नवरीनं त्या गढूळ पिवळ्या पाण्यात हात घालून ती हुडकायची, ज्याच्या हाती लागेल त्याचं घरात चालणार. भोवती पंचवीस बायका, पोरं, आरडाओरडा. पहिल्यांदा नवऱ्याला सापडली. वन्संला हरणं कधी सोसलंच नाही. दुसऱ्या खेपेला तिनं बाह्या सरसावल्या आणि कोपरापर्यंत हात घातला.

“सोडू नगं गं! वढ!” बायका ओरडत होत्या. आणि मीसुद्धा ओरडत होते. मेण मी साफ विसरले होते.

तिनं अंगठी काढली आणि हात वर धरून दाखवली. सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या. मुलाच्या आत्यानं परातीतून काहीतरी चिमटीत उचललं.

“ह्ये काय? मेन?”

पाण्यावर अजून दोन गोळ्या तरंगत होत्या, मेंदीनं तांबूस झालेल्या. त्या म्हाताऱ्या आत्यानं वन्संचा वर धरलेला हात तसाच मनगटात पकडला आणि खाली घेतला. पालथा केला.  म्हातारीनं त्या भोकाच्या कडेवर आपलं नख रोवलं.

“दुखतंय का?”

वन्सं गोंधळली होती. अंगठी अजून तिच्या मुठीत होती. तिनं जे खरं होतं ते सांगितलं.

“न्हाई.”

मी तिथंच समजले. न दुखणारी जखम म्हणजे त्या काळी एकच. म्हातारीनं हात सोडला आणि आपला हात पदराला पुसला. शब्द तिनं उच्चारला नाही, मागून कुणीतरी उच्चारला. महारोग.

तेव्हा मी बोलले. इतकी वर्षं गिळलं होतं ते सगळं बोलले. कंपनीचं पाणी, पाइप, ओढा, ऊन पाण्यातलं धुणं. “त्या रोगाचं न्हाई हे. पाण्याचं हाय. मीच नेलं तिला तिथं. मीच! हे बघा, माझ्याबी हाताला हाय,” असं म्हणून मी मूठ उघडली. पुढं करून दाखवली, लुगडं उचलून घोटाही दाखवला.

मला वाटलं, आता त्यांना पटेल. दोघींना सारखंच झालंय, म्हणजे पाण्यानंच झालं असणार, हे तर सातवीतलं पोरही सांगेल.

म्हातारी एक पाऊल मागं सरली. “म्हंजी पाठराखीनबी तसलीच,” ती म्हणाली. “घरातच हाय.”

इंद्रायणीपलीकडं तेव्हा नदी स्वच्छ होती. पाण्यानं हाताला भोक पडतं हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. महारोग पाहिला होता. त्यांचं चुकलं असं मी आज म्हणत नाही. मुलगा कोपऱ्यात मुंडावळ्यांची खूण कपाळावर घेऊन उभा होता. एकदा आमच्याकडं बघितलं, एकदा आत्याकडं बघितलं, आणि बाहेर गेला. दुपारी बैलगाडी जुंपली.  चाकण मागं पडल्यावर वन्सं म्हणाली, “मास्तरीण, मी व्हय म्हनायला पायजे हुतं ना?”

“कशाला?”

“दुखतंय का इचारलं तवा.”

मला रडू फुटलं. तिच्यासाठी फुटलं असं लिहायला बरं वाटलं असतं. खरं तर मी आत्याबाईंना काय सांगू या भीतीनं रडत होते.

आत्याबाईंनी मला एक शब्दही विचारला नाही. त्यांनी लेकीला घरात घेतलं, तिच्या हातावर तांब्या धरला, पाय धुतले. मग मात्र त्या इतक्या धावल्या की माझा विश्वास बसेना. कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरकडं गेल्या. तो म्हणाला, हा महारोग नाही. मग लिहून द्या म्हटलं तर म्हणाला, मी लिहून देऊ शकत नाही. पान्यानं झालं असं लिवू नका, येवढंच लिवा की त्यो रोग न्हाई, असं त्यांनी विनवलं. तेही त्यानं लिहिलं नाही. मग लेकीला घेऊन त्या पुण्याला सरकारी दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरनं डोळे मिटायला लावून टाचणी टोचली, पीस फिरवलं, आणि सरळ कागदावर लिहून सही-शिक्का मारून दिला. तो कागद घेऊन आत्याबाई चाकणला चालत गेल्या आणि चालत आल्या. पोचायच्या आधीच तिथं दुसरी सून आली होती.

“वाचला का त्यांनी?” मी विचारलं.

“वाचायला येनारं घरात कुनी न्हाई म्हनाले,” त्या म्हणाल्या, आणि कागद कोनाड्यात ठेवला.

त्यानंतरच्या वर्षांत गावात सगळ्यांनाच कळलं. ओढ्यावर धुणाऱ्या बायकांचे हात पाहिले की कळायचं. पण कळणं आणि बोलणं वेगळं. निम्म्या घरांतून पगार कंपनीचा येत होता आणि प्रत्येक घरात लग्नाच्या पोरी होत्या. इंद्रायणीपलीकडची बातमी सगळीकडं पोचलीच होती. कंपनीच्या कडेनं पिवळा गाळ टेकाडासारखा साठत गेला. पाऊस पडला की त्यातून पाणी झिरपायचं, आणि एका वर्षी आमच्या विहिरीचं पाणीच पिवळं निघालं. तिच्यात कुणी धुणं बुडवलं नव्हतं. पालकाच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. आमची म्हैस दोनदा गाभडली. आत्याबाई गेल्या. मालकांच्या नाकातून सारखं रक्त यायचं आणि खोकल्यानं त्यांना बोलणं जमेना. कंपनीनं त्यांना हलकं काम दिलं, गेटवरचं. कंपनी भली होती, असं ते शेवटपर्यंत म्हणत होते.

वन्सं माझ्याजवळच राहिली. माझी मुलगी तिनंच वाढवली. भांडायची, नकला करायची, मला नावं ठेवायची. भोकं भरून आली होती, त्यांच्या जागी पांढरे खोलगट वण राहिले, आणि उजव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नव्हती. परक्या माणसासमोर ती भाकरी थापायची नाही. एवढं सोडलं तर तिनं मला कधी काही जाणवू दिलं नाही. एकदाच, कुणाच्या तरी लग्नाहून आल्यावर, म्हणाली, “मास्तरीण, त्या दिवशी तू गप बसली असतीस तर निदान माजं एकटीचं नाव गेलं असतं. घराचं गेलं नसतं.” मी म्हटलं, “आणि आधी बोलले असते तर?” ती म्हणाली, “आदी कुनी इचारलं हुतं?”

विचारणारे आले ते ऐंशी सालानंतर. सरकारी जीप होती, दोघंजण, बाटल्यांचा खोका. त्यांनी ओढ्याचं पाणी भरलं, विहिरीचं भरलं, चिठ्ठ्या चिकटवल्या. मग घरोघर फिरले. आमच्या अंगणात आले तेव्हा मुलीला बघून गेलेल्या पाहुण्यांचा निरोप यायचा होता. आज येईल की उद्या, म्हणून आम्ही दोघी रस्त्याकडं डोळे लावून बसलो होतो. जीपचा आवाज आला तेव्हा आम्हाला तेच वाटलं होतं.

तरुण साहेब होता, बोलायला नरम. म्हणाला, “मावशी, घरात कुणाला हातापायाला जखमा, वण, नाकातून रक्त, असं काही? घाबरू नका. आम्ही लिहून घेतो. पाण्यामुळं होतं का ते बघायचंय.”

इतक्या वर्षांत हे वाक्य कुणी आमच्या दारात म्हटलं नव्हतं. मी तोंड उघडलं. कोनाड्यात तो कागदही होता. शेजारच्या ओट्यावर दोन बायका ऐकत उभ्या होत्या, आणि आत माझी मुलगी तांदूळ निवडत होती.

वन्सं माझ्याआधी बोलली. हात पदराखाली होते.

“न्हाई सायेब. आमच्यात कुनाला काय न्हाई.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं, पाणी नको म्हणाला, आणि पुढच्या घरी गेला. तिथंही त्याला कुणी काही सांगितलं नाही. ते मला बघायला जावं लागलं नाही, कारण तो लगेचच बाहेर आला.

मुलगी आतून आली. “आत्या, खोटं का बोललीस?”

“तुजं लगीन होऊ दे,” वन्सं म्हणाली. “मग सांगते त्येला. समदं सांगते. तुजी आई हाय की साक्षीला.”

वैशाखात मुलीचं लग्न झालं. त्यानंतर आम्ही दोघी तयारीत होतो. काय सांगायचं ते तिनं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. आधी पाइप, मग ओढा, मग हात, म्हणजे माझं नेहमीसारखं वाहवत जाणार नाही. जीपचा आवाज आला की ती ओट्यावर येऊन उभी राहायची. रस्त्यानं जीपा खूप जायच्या. आमच्याकडं पुन्हा कुणी वळलं नाही.